वाचक विचारतात : छोटी कामं एआयनं नेली तर हात कुठे बसणार?

या महिन्यात एआय आणि कला यावर इतकी पत्रं आली की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. चार पत्रं घेतलीयेत.

प्रश्न : ताई, मुलगी बारावीला आहे. एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीत ए ग्रेड, आता बीएफएच्या सीईटीची तयारी चाललीय. घरात सगळे म्हणतात एआय दहा सेकंदात चित्र काढतं, चार वर्षं आणि फी कशाला घालवायची. आता मलाही भीती वाटायला लागलीय. — एक आई, सांगली

उत्तर : ताई, तिला पाठवा. पण घरचे म्हणतायत त्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. नाव झालेल्या चित्रकाराचं एआयमुळे आज फारसं अडत नाहीये, पोटावर पाय येतोय तो नवशिक्याच्या. लग्नपत्रिका, कथेसोबतचं रेखाचित्र, मंडळाचा बॅनर, छोट्या प्रकाशकाचं मुखपृष्ठ, ही कामं कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोरांना मिळायची, पैसे कमीच असायचे पण उद्या सकाळी द्यायचंय म्हणून रात्रभर बसून काम करता करता हात बसायचा, आणि लोक कशावर थांबून बघतात तेही कळायचं. आपल्याकडची कितीतरी मोठी माणसं अशीच घडली. एम. एफ. हुसेन मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. कोल्हापुरात बाबुराव आणि आनंदराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, त्यातूनच बाबुराव पुढे सिनेमाकडे वळले आणि त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत व्ही. शांताराम शिकले. दीनानाथ दलालांची चित्रं गॅलरीची पायरी कधी न चढलेल्या घरांत पोचली ती मुखपृष्ठांवरून. ही सगळी पोटापाण्याची कामं होती हो!

फोटोग्राफीचा दाखला सगळे देतात, की १८३९ साली दागेरोटाइप, म्हणजे फोटो काढायची सुरुवातीची पद्धत, आली तेव्हाही ओरड झाली आणि चित्रकला काही संपली नाही. बरोबर आहे, चित्रकला नव्या वाटांनी गेली. पण युरोपात तळहाताएवढी व्यक्तिचित्रं काढून पोट भरणारे जे चित्रकार होते त्यांचा धंदा त्या कॅमेऱ्यानं खरंच बसवला, आणि हा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. कला टिकली म्हणजे कलाकार टिकले असं होत नाही, म्हणून तुमची भीती मी उडवून लावत नाहीये.

मुलीनं काय करावं? रोज समोर बघून काढावं. एसटी स्टँडवर, हळदीच्या सौद्यात, घरी आजी भाजी निवडत असेल तर तिथे. एआय शिकतं ते आधीच कुणीतरी काढून ठेवलेल्या कोट्यवधी चित्रांवरून, तुमच्या आजीचं बसणं त्यानं पाहिलेलं नाही, आणि त्यातलं काय घ्यायचं काय सोडायचं हे ठरवणं हेच तर तिचं शिक्षण आहे. एआयची टूल्सही शिकावीत पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात, आधी नकोत, नाहीतर आलेलं चित्र चांगलं की वाईट हेच कळणार नाही. आणि एक काम तुमच्यासाठी. घरात पुढचं कार्य निघेल तेव्हा पत्रिका एखाद्या शिकणाऱ्या मुलामुलीकडून करून घ्या, पैसे देऊन.

प्रश्न : माझं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे. गिऱ्हाईक मोबाइलवर एआयचं चित्र घेऊनच येतं, म्हणतं फक्त नावं टाक आणि पैसे निम्मे घे. वर हे चित्र नक्की कुणाच्या मालकीचं? उद्या दुसऱ्या मंडळानं तेच लावलं तर? — एक डिझायनर, इचलकरंजी

उत्तर : दादा, मालकीचं आधी सांगते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं असं आलं की कॉम्प्युटरनं तयार झालेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती कृती जिच्यामुळे तयार झाली ती व्यक्ती. पण ती नेमकी कोण, ओळ टाइप करणारा की टूल बनवणारी कंपनी, हे त्या कलमातून उलगडत नाही. अमेरिकेत जेसन ॲलन नावाच्या माणसानं मिडजर्नी या चित्र काढणाऱ्या एआय टूलवर निदान ६२४ वेळा सूचना बदलून एक चित्र केलं, २०२२ मध्ये कोलोरॅडोच्या जत्रेत डिजिटल विभागात त्याला पहिलं बक्षीसही मिळालं, तरी २०२३ मध्ये तिथल्या कॉपीराइट ऑफिसनं नोंदणी नाकारली, कारण एआयनं केलेल्या भागावरचा हक्क सोडून द्यायला तो तयार नव्हता. म्हणजे दुसऱ्या मंडळानं तेच लावलं तर भांडायला हातात फार काही नाही असं समजूनच चाला, आणि बिलावर लिहा, ‘चित्र ग्राहकानं दिलेले’.

निम्म्या पैशांचं म्हणाल तर ते मला मनापासून खटकतं. मोबाइलवरचं चित्र वीस फुटी फ्लेक्सवर ताणलं की फुटतं, ते सावरणार तुम्ही. मावळ्याच्या हाताला सहा बोटं असतील तर ती तुम्हीच काढणार. ही टूल्स नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळातून पायरीपायरीनं चित्र साफ करत आणतात, त्यांच्या लेखी जोडाक्षर हाही एक आकारच, म्हणून वेलांटी कुठेही जाऊन बसते (नवीन टूल्स यात सुधारलीयेत, पण बॅनरवर नाव चुकलं तर बोलणी तुम्हालाच बसतात). तेव्हा ‘आणलेल्या चित्राची दुरुस्ती’ असा वेगळा रेट लावा, दुकानात बोर्डवर लिहून.

प्रश्न : कथा लिहिताना एआयला कल्पना विचारल्या तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : चालेल, पण पहिला खर्डा झाल्यावर. २०२४ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या संशोधन-नियतकालिकात एक अभ्यास आला होता. त्यात काही जणांना छोटी गोष्ट लिहिण्याआधी एआयच्या कल्पना दिल्या. त्यांच्या गोष्टी वाचणाऱ्यांना जास्त चांगल्या वाटल्या, कच्च्या लेखकांना तर फायदा जास्तच झाला, पण त्या गोष्टी एकमेकींसारख्या झाल्या. एकेकट्याचा फायदा आणि साहित्याचं नुकसान, दोन्ही एकाच वेळी. संपादक म्हणून मला यातल्या दुसऱ्याची काळजी वाटते, कारण दिवाळी अंकासाठी गठ्ठ्यानं कथा येतात तेव्हा आम्ही जी शोधत असतो ती बाकीच्यांसारखी नसलेली.

प्रश्न : ताई, मी संगीतकारांसाठी स्क्रॅच गाते, म्हणजे मोठी गायिका येईपर्यंत चाल बसवायला डमी ट्रॅक. एका ठिकाणी माझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून माझ्या आवाजाचं मॉडेल, म्हणजे माझ्यासारखं गाणारं एआय, बनवलंय असं कळलं, आता मला बोलवतच नाहीत. — एक गायिका, पुणे

उत्तर : हे वाचून फार राग आला. स्क्रॅच गातागाताच ‘हिचाच आवाज ठेवू या’ असं होऊन नवी गायिका पुढे यायची, तुझी ती वाट तुझ्याच आवाजानं बंद केलीय. जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या आवाजाची एआय नक्कल विनापरवानगी करण्याला अंतरिम मनाई केली. तो नामवंतांचा मामला आहे, स्क्रॅच गाणारीला तेच संरक्षण आपोआप मिळेल असं मी तुला सांगणार नाही, पण वकिलाकडे जाताना तो आदेश जरूर घेऊन जा. नीट करायचं ठरवलं तर करता येतं याचंही उदाहरण आहे. ए. आर. रेहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’ या सिनेमासाठी दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांची परवानगी घेतल्याचं आणि मानधन दिल्याचं जाहीर सांगितलं होतं. गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन विचारता येतं, तर त्याच शहरात राहणाऱ्या मुलीला एक फोन करायला काय हरकत होती?

त्या स्टुडिओला आधी लेखी विचार, मॉडेल बनवलंय का, कुठे वापरलं, आणि ते काढून टाका म्हणून सांग. यापुढे प्रत्येक कामाआधी एक ओळ लिहून घे की हे रेकॉर्डिंग याच गाण्यापुरतं आहे, आवाजाचं मॉडेल करायचं असेल तर वेगळी परवानगी आणि वेगळे पैसे. करार करायला कुणी तयार नसेल तर हीच ओळ व्हॉट्सॲपवर पाठवून त्यांचा होकार घे आणि त्या मेसेजचा बॅकअप ठेव.