बर्सर्कची एवढी हवा खरंच योग्य आहे का?

तुम्ही विचारलंय की बर्सर्कच्या डिलक्स एडिशनचा पहिला जाडजूड खंड वाचला, त्यात नुसती कापाकापी, राक्षस आणि बायकांचे हाल दिसले, मग लोक हिला सगळ्यात भारी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, का म्हणतात, की उगाच हवा केलीये.

माझं उत्तर असं की हवा योग्यच आहे, पण लोक ज्या कारणासाठी ती करतात ते मला पटत नाही, आणि पहिला खंड वाचून तुम्हाला जे वाटलं त्यात काही चूक नाही. मलाही तेच वाटलेलं. दादाने तो खंड घरी आणला होता, मी बारावीच्या सुट्टीत हातात घेतला आणि दोन-तीन पानांत मिटून ठेवला. सुरुवातच अशी की हीरो एका बाईबरोबर आहे, ती राक्षसीण निघते आणि हा तिच्या तोंडात हाताची तोफ घालून तिला उडवतो. एक मुलगी म्हणून मला ते वाचून किळस आली आणि आज सगळी मांगा दोनदा वाचून झाल्यावरही त्या पानांबद्दल माझं मत बदललेलं नाही. ही मांगा काढणारा केंटारो मिउरा तेव्हा २३ वर्षांचा होता, १९८९ साली सुरू केलं त्याने हे, आणि चित्रं जबरदस्त असली तरी गोष्ट कुठे न्यायची ते त्यालाच अजून सापडायचं होतं असं मला तरी वाटतं.

पण एक गंमत बघा, डिलक्सच्या पहिल्या पुस्तकात मूळचे तीन खंड आहेत आणि खरी गोष्ट तिसऱ्या खंडाच्या शेवटाला सुरू होते. म्हणजे तुम्ही अगदी उंबरठ्यावरून परत फिरलात. तिथून गोष्ट मागे जाते. फासावर लटकवलेल्या आईच्या प्रेताखाली चिखलात जन्मलेलं पोर, भाडोत्री सैनिकांच्या तांड्याबरोबर वाढलेलं, ज्याला तलवार चालवण्याशिवाय काही येत नाही, तो हा गट्स. त्याला भेटतो ग्रिफिथ, देखणा, हुशार, स्वतःचं राज्य उभं करायचं स्वप्न असलेला, आणि त्याच्या बँड ऑफ द हॉक या टोळीत गट्सला पहिल्यांदा आपली म्हणावी अशी माणसं मिळतात.

यातला एक प्रसंग सांगते, बाकी तुम्ही वाचा. ग्रिफिथच्या सांगण्यावरून गट्स रात्री एका सरदाराला मारायला जातो, तिथे दार उघडून सरदाराचा लहान मुलगा आत येतो आणि अंधारात काय होतंय कळायच्या आत गट्सच्या हातून तोही जातो. जखमी, रक्ताने माखलेला गट्स कसाबसा ग्रिफिथकडे परत येतो, तेव्हा ग्रिफिथ कारंज्यापाशी राजकन्येशी बोलत असतो आणि म्हणत असतो की माझी माणसं माझ्या स्वप्नासाठी लढतात, पण मित्र मी त्यालाच म्हणेन ज्याचं स्वतःचं स्वप्न आहे, जो माझ्या बरोबरीचा आहे. गट्स ते खालून ऐकतो. ज्याच्यासाठी आत्ताच एक लेकरू मारून आला त्याच्या लेखी आपण मित्र नाही, हे त्याला असं आडून कळतं. मिउरा तिथे फार शब्द वापरत नाही, तो गट्सचा चेहरा दाखवतो आणि तेवढंच पुरतं. पुढचं सगळं, म्हणजे गट्सचं टोळी सोडून निघणं, बर्फातलं ते द्वंद्व जे एका घावात संपतं आणि ग्रिफिथ गुडघ्यावर बसून राहतो, आणि मग ग्रिफिथचा सर्वनाश, हे सगळं त्या कारंज्यापाशी सुरू होतं. दोघांनाही एकमेकांची केवढी गरज आहे आणि दोघांपैकी एकालाही ते बोलता येत नाही. मिउरा स्वतः मुलाखतीत म्हणालेला की टोळीतली नाती त्याच्या शाळेतल्या मित्रांवरून सुचली, आणि ते जाणवतं, कारण ती पोरं एकमेकांशी बोलतात ती खरी पोरंच वाटतात.

मग येतं ते प्रसिद्ध ग्रहण, म्हणजे एक्लिप्स. काय होतं ते सांगत नाही. तुम्हाला जो कोणी बर्सर्क वाचायला सांगतो तो याच्याबद्दल बोलतो, बघ कसला धक्का बसतो, कसलं डार्क आहे वगैरे. आणि माझा राग आहे तो इथे. १९९७ चा २५ भागांचा अ‍ॅनिमे (जपानी अॅनिमेशन मालिका) ग्रहणापाशीच येऊन थांबतो, २०१२-१३ चे तीन सिनेमेही तिथेच संपतात, त्यामुळे कित्येक लोकांच्या डोक्यात बर्सर्क म्हणजे तेवढंच राहिलंय, क्रूरपणा किती टोकाला जाऊ शकतो त्याचा नमुना. नुसता धक्का द्यायचा तर कोणीही देईल हो, त्यासाठी एवढी कलाकारी लागत नाही.

माझ्यासाठी बर्सर्क मोठी होते ती त्यानंतर. गट्स दोन वर्षं बदला घेत राक्षस मारत फिरतो, म्हणजे तुम्ही पहिल्या खंडात पाहिलात तोच गट्स, आणि मग सतराव्या खंडात परत येतो त्या म्हाताऱ्या लोहाराकडे, गोडोकडे, जिथे तो कास्काला सोडून गेलेला असतो. कास्का ही टोळीतली सेनानी, त्याचं जिच्यावर प्रेम होतं ती, ग्रहणात तिचं मन मोडून गेलंय, ती बोलत नाही, कुणाला ओळखत नाही. आणि गट्सला कळतं की ती तिथून निघून गेलीये, बेपत्ता आहे. आजारी गोडो त्याची खाचा पडलेली तलवार बघतो आणि सुनावतो. मी माझ्या शब्दांत सांगते, की ज्याला दुःखाकडे बघवत नाही तो द्वेषाकडे पळतो, आणि तू तिला सोडून गेलास तो बदला घ्यायला नाही, तू पळालास. सतरा खंड आपण ज्या माणसाच्या रागाला टाळ्या वाजवत आलो त्याला एक म्हातारा शांतपणे सांगतो की तुझं शौर्य म्हणजे पळ काढणं होतं. मी तो प्रसंग वाचला तेव्हा पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ नुसती बसून होते.

त्यानंतरची गोष्ट कास्काला सांभाळायची आहे. गट्स तिला घेऊन बर्फातून एकटा चालतो, ती त्याला घाबरते, चावते, पळते. आणि एका रात्री गट्स स्वतःच तिच्यावर हात टाकतो आणि मग भानावर येतो. हे पान वाचायला मला अतिशय जड गेलं आणि कुणी इथे मांगा बंद केली तर मी त्याला दोष देणार नाही. पण मिउरा त्यावर पडदा टाकत नाही. गट्सला कळून चुकतं की आपल्या एकट्याच्या हाती ही सुरक्षित नाही, आणि म्हणून, नुसतं म्हणून, तो फार्नीस, सर्पिको, इसिड्रो या वाटेत भेटलेल्या माणसांना बरोबर येऊ देतो. स्वतःच्या भीतीपोटी. पुढे शिर्के नावाची छोटी चेटकीण येते, आणि शेकोटीभोवती परत माणसं जमायला लागतात. इतकं मोडलेला माणूस परत कुणाबरोबर तरी बसून जेवायला कसा शिकतो, हे मी इतक्या सावकाशीने मांडलेलं दुसऱ्या कुठल्या मांगात पाहिलं नाही.

आता दोषही सांगते, कारण प्रेम आहे म्हणून डोळे मिटायचे नाहीत. वायल्ड नावाच्या राक्षसाचा भाग आणि पुढे ट्रोल्सचा भाग, यातले बायकांवरचे अत्याचार काढून टाकले तरी गोष्टीचं काही बिघडत नाही, म्हणजे त्यांची गरज नव्हती. कास्काबद्दल तर मला जास्तच वाईट वाटतं, एवढी ताकदीची बाई आणि तिला भानावर यायला छपाईच्या हिशोबाने वीस वर्षांहून जास्त लागली, २०१८ उजाडलं, तोवर ती दुसऱ्यांच्या गोष्टीत ओझं म्हणून फिरली. शिवाय जहाजाचा भाग फार लांबलाय, त्यात मध्ये लांब लांब सुट्ट्या, वाचक वर्षानुवर्षं ते जहाज किनाऱ्याला लागायची वाट बघत होते.

चित्रांबद्दल मात्र दुमत नको. फोनवर वाचू नका एवढंच सांगेन, दोन पानांवर पसरलेली चित्रं फोनवर मधोमध तुटतात. पुस्तकात बघा, चिलखताच्या प्रत्येक कडीवर, जंगलातल्या प्रत्येक मुळावर रेघ ओढलेली आहे, आणि माणूस त्या सगळ्यात एवढासा. डार्क सोल्स हा व्हिडिओ गेम खेळला असाल तर ते जग कुठून आलं ते लगेच कळेल.

मिउरा ६ मे २०२१ ला गेला, ५४ व्या वर्षी, हृदयाजवळची महाधमनी फाटून. बातमी २० मेला बाहेर आली. आपल्याकडे तेव्हा कोरोनाची दुसरी लाट होती, रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती, आणि तरी त्या दिवशी दादाने आणि मी फोनवर कितीतरी वेळ याच्याबद्दलच बोललो. शेवट अर्धवट राहिला असं वाटलेलं, पण कोउजी मोरी म्हणून त्याचा शाळेपासूनचा मित्र, स्वतःही मांगा काढणारा, त्याला मिउराने सुमारे तीस वर्षांपूर्वी सगळी गोष्ट शेवटपर्यंत सांगून ठेवली होती. मोरीने जाहीर केलं की मिउराने मला जे सांगितलं तेवढंच मी लिहीन, आणि जून २०२२ पासून मिउराचेच सहाय्यक मोरीच्या देखरेखीखाली पुढची चित्रं काढतायत. एकेचाळिसाव्या खंडानंतरच्या चित्रांत फरक कळतो, पण मी वाचतेय.

डिजिटल धरून ५ कोटींवर प्रती गेल्याचं २०२१ मध्ये सांगितलं जायचं, पण आकड्यावरून तुम्ही ठरवू नका. दुसऱ्या डिलक्सपासून परत सुरू करा आणि सहाव्यापर्यंत जा, सतरावा खंड त्यात आहे, गोडोचा प्रसंग तिथे येतो. तो वाचूनही वाटलं की नाही, आपल्याला नाही झेपत, तर खुशाल सोडा, मी आग्रह करणार नाही.