वाचकांचे प्रश्न : शिवजन्म १६२७ की १६३०? आणि माळ्यावरच्या मोडी कागदांचं काय करायचं?

प्रश्न : ताई, आजोबांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा आहे आणि मुलीच्या पुस्तकात १६३०. ती विचारते बाबा खरं कुठलं, आणि मला उत्तर येत नाही. हे इतिहासवाले मनाला येईल तसं बदलतात का? उद्या परत बदललं तर? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुलीला बिनधास्त १६३० सांगा. आणि मनाला येईल तसं म्हणाल तर उलटंच झालंय, कागद सापडल्यावरसुद्धा सरकारी शिक्का बसायला ८० च्या वर वर्षं गेली!

१६२७ आलं बखरींतून, त्यातही उशिराच्या बखरींतून. वैशाख शुद्ध द्वितीया, शके १५४९ ही ती तिथी. यातली नावाजलेली बखर मल्हार रामराव चिटणीसांची, ती लिहिली गेली १८१० च्या आसपास, म्हणजे महाराज जाऊन सव्वाशेच्या वर वर्षं झालेली, ऐकीव गोष्टी आणि खरे कागद दोन्ही एकाच पंगतीला बसलेले. बरं बखरीबखरींतही जन्मतिथीचा मेळ नाही. पण कंपनी सरकारचा अधिकारी ग्रँट डफ याने १८२६ मध्ये इंग्रजीत मराठ्यांचा इतिहास काढला त्यातही १६२७ च, मग तेच पुस्तकांतून पुढे चालत राहिलं. टिळकांनी १९०० साली केसरीत या घोळावर लिहिलं होतं, पण तेव्हा हातात ठोस काही नव्हतं.

ते मिळालं भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरी. कान्होजी जेधे माहीत असतीलच, त्यांचंच घराणं. त्यांच्या दप्तरात एक शकावली होती, म्हणजे कुठल्या शकात कुठल्या तिथीला काय झालं एवढंच, कोरड्या नोंदी, साधारण १६१८ ते १६९७ पर्यंतच्या. त्यात औरंगजेबाच्या जन्माचीसुद्धा नोंद आहे. कुणाची स्तुती नाही, चमत्कार नाही, भवानीचा दृष्टांत नाही, आणि म्हणूनच मला ती बखरीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. टिळकांनी ती १९१६ साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातर्फे पुढे आणली. तिच्यात लिहिलंय शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी.

आता हे तपासायचं कसं ते बघा, कारण खरी मजा इथेच आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं आपण घोकलेलं असतं, तसं केलं तर १६२९ येतं. पण फाल्गुन हा शकाचा शेवटचा महिना, तोवर इंग्रजी वर्ष पालटलेलं असतं, म्हणून ७९ मिळवायचे, १६३०. तारीख निघते १९ फेब्रुवारी. आता वार बघायला ऑनलाइन एखादी साइट उघडलीत तर बहुतेक ठिकाणी मंगळवार दाखवेल आणि तुम्ही म्हणाल शकावली खोटी! तर तसं नाही. १९ फेब्रुवारी ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे, इंग्रजांकडे ते १७५२ पर्यंत चालू होतं. आजच्या ग्रेगोरियन कॅलेंडरने तोच दिवस १ मार्च १६३० येतो, आणि १ मार्चला शुक्रवारच पडतो.

तरी एकाच कागदावर कोण विसंबणार? पुढे तंजावरच्या हस्तलिखितावरून कवींद्र परमानंदाचं शिवभारत हे संस्कृत काव्य स. म. दिवेकरांनी १९२७ साली छापलं. परमानंद महाराजांच्याच काळातला. त्याने वर्ष आकड्यात न देता शब्दांत दिलंय, भू बाण प्राण चंद्र, म्हणजे पृथ्वी १, मदनाचे बाण ५, प्राण ५, चंद्र १. असे आकडे एरवी उजवीकडून वाचायचे असतात आणि तिथे भलेभले फसतात, इथे कसंही वाचा १५५१ च. पुढे फाल्गुन, कृष्ण पक्ष, तृतीया, रात्रीची वेळ. एक मावळातल्या देशमुखाची वही, दुसरं संस्कृत काव्य, दोघांची जातकुळी पार वेगळी आणि तिथी तीच. याला म्हणायचं पुरावा.

तरीही १९६६ साली सरकारने समिती नेमली तर तिच्यातसुद्धा एकमत झालं नाही, आणि १९ फेब्रुवारी सरकारी पातळीवर पक्की व्हायला हे शतक उजाडावं लागलं. शिवजयंती तिथीने की तारखेने साजरी करायची यावर अजून जे चालतं ते राजकारण, त्याचा या तपासणीशी काही संबंध नाही.

उद्या बदलेल का? याहून जुना, याहून विश्वासू कागद निघाला तर बदलायलाच हवं. मला नाही वाटत निघेल.

प्रश्न : तारीख ठीक, पण महाराज नक्की कोणाचे यावर पण दर पिढीला नवीन मत निघतं, त्याला काय पुरावा? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तिथे तारखेसारखं मिटत नाही. फुल्यांनी १८६९ च्या पोवाड्यात त्यांना कुळवाडीभूषण म्हटलं, म्हणजे शेतकऱ्यांचा राजा. रानड्यांनी १९०० साली संतांच्या चळवळीशी जोडून अख्ख्या समाजाचा उठाव म्हणून मांडलं, कारण डफच्या लिखाणात मराठ्यांचा उदय सह्याद्रीतल्या वणव्यासारखा, योगायोगाने पेटलेला वाटतो आणि ते त्यांना खटकत होतं. साधनं थोडीफार तीच, प्रश्न विचारणारा वेगळा. मी एवढंच बघते की माणूस आपल्या मताला अडचणीचा कागद दाखवतो की लपवतो. लपवत असेल तर पुस्तक बाजूला ठेवते, मग तो कुठल्याही बाजूचा असो.

प्रश्न : आमच्या वाड्याच्या माळ्यावर मोडीतल्या कागदांचे दोन रुमाल (कापडात बांधलेले गठ्ठे) आहेत, वाळवी लागायला लागलीये. भाऊ म्हणतो लॅमिनेट करून घेऊ. करू का? – एक वाचक, वाई

उत्तर : अजिबात नको! लॅमिनेशन परत निघत नाही, कागद आतल्या आत खराब होतो. सेलोटेप नको, उन्हात वाळत घालणं नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रुमाल सोडून कागदांची क्रमवारी मोडू नका, कुठला कागद कुठल्याच्या मागे होता हीसुद्धा माहिती असते. आहे त्या क्रमाने, सावलीत, सरळ वरून फोटो काढा, मागची बाजूसुद्धा, शेरे आणि शिक्के बहुतेक तिथेच असतात. वाळवी लागलेला रुमाल बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात नाहीतर सरकारी पुराभिलेखागारात फोटो घेऊन जा, मूळ कागद पहिल्याच भेटीत कुणाच्या हातात देऊ नका, देणार असाल तर पोच घ्या. वर्ष वाचताना गडबडू नका, त्यात सुहूर सन, म्हणजे जुन्या दप्तरांतली एक कालगणना, असू शकतो, अरबी शब्दांत. ‘तिसा खमसैन मया व अलफ’ असं दिसलं तर ९, ५०, १०० आणि १०००, एकूण ११५९, त्यात ५९९ मिळवायचे म्हणजे १७५८. पण हे वर्ष मृगाच्या सुमाराला, मे अखेर ते जूनच्या सुरुवातीला पालटतं, म्हणून कागद जानेवारी ते मेमधला असेल तर ६०० मिळवा. आणि वाई म्हणताय म्हणून सांगते, इतिहास संशोधक वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो तुमच्याच वाईत सापडलेल्या कागदांवरून, तेव्हा भावाला म्हणावं जरा दम धर.