नाणी जमवणाऱ्यांच्या ग्रुपवर नवे रोज "किंमत किती?" विचारतात, जुने गप्प झालेत. नव्यांना प्रवेश बंद करावा का?

नका करू.

तुम्ही लिहिलंय त्यावरून चित्र असं दिसतं: नाशिकच्या नाणेसंग्राहकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, तीन वर्षांत 60 चे 700 झाले, दिवसाला आठ-दहा वेळा "ट्रॅक्टरवाली पाचाची नोट आहे, किती मिळतील?", आणि पूर्वी जे नाण्यांवरचे फारसी लेख वाचून द्यायचे ते आता फक्त सणावाराला फुलांचे फोटो टाकतात. अशा वेळी दार लावून घ्यावंसं वाटतं. पण जुन्यांच्या पेट्या एकमेकांनी केव्हाच बघून झालेल्या असतात. कुणी न पाहिलेलं नाणं येतं ते निफाड-सिन्नर-येवल्याकडच्या एखाद्या आजीच्या गाठोड्यातून, आणि ते घेऊन येणारा जवळजवळ नेहमी नवाच असतो. त्याला ते ओळखता येत नाही, म्हणूनच तो विचारतो. दार लावलंत तर सहा महिन्यांत ग्रुपवर फुलांचे फोटोच उरतील.

तुमच्याकडे नव्यांची गर्दी झाली हे खरं, पण मला त्याहून जास्त खटकतं ते हे की तुमच्याकडे मधली फळी नाही.

एक नेहमीचा प्रसंग घ्या. नवा सभासद चांदीच्या रुपयाचा फोटो टाकतो: "मोगल कॉइन, प्राइस प्लीज." नाण्यावर फारसी लेख, त्यात मोगल बादशहा शाह आलमचं नाव. जाणकार वैतागून लिहितात, "मोगल नाही, मराठा. आधी वाचून या." माहिती बरोबर, पण त्या मुलाच्या हाती काहीच लागत नाही. बादशहाचं नाव समोर दिसत असताना नाणं मराठ्यांचं कसं, हा त्याचा खरा प्रश्न, आणि तो त्याला नीट विचारताही आलेला नाही. उत्तर दोन ओळींचं आहे: मराठ्यांच्या टांकसाळी बहुतेक रुपये बादशहाच्या नावानेच पाडत, नाव शाह आलमचं, पण टांकसाळ गुलशनाबाद म्हणजे आपलं नाशिक, किंवा चांदोर म्हणजे चांदवड. म्हणून राजाच्या नावाआधी टांकसाळीचं नाव आणि बारीक खुणा बघायच्या. दुसरी बाजू उजेडात पुन्हा टाका आणि वजन कळवा.

हे उत्तर वीस वर्षं नाणी बघणाऱ्याने लिहायची गरज नाही. त्याने लिहूही नये. त्याला आता यात गोंधळण्यासारखं काय आहे तेच आठवत नाही. सहा महिन्यांपूर्वी जो स्वतः इथेच अडखळला होता, तो हे सगळ्यात चांगलं सांगतो. तीच मधली फळी. ती आपोआप तयार होत नाही, कारण व्हॉट्सॲपवर कालचं उत्तर आज वर सरकून गेलेलं असतं, आणि नव्याला वाटतं इथे फक्त किमती विचारतात.

आधी प्रवेश. ग्रुपच्या सेटिंगमध्ये नव्या सभासदांना ॲडमिनची मंजुरी लागेल असं करा आणि रोज दोघे-तिघे घेण्याऐवजी महिन्याच्या 1 आणि 15 तारखेला पंधरा-पंधरा जण एकदम घ्या. इंटरनेटच्या जुन्या काळातल्या यूजनेटची, म्हणजे चर्चागटांच्या जाळ्याची, गोष्ट इथे कामाची आहे. तिथे दर सप्टेंबरला अमेरिकन कॉलेजांतली नवी मुलं यायची, महिनाभर धुमाकूळ घालायची, रीतभात शिकून शांत व्हायची. 1993 नंतर घरोघरच्या लोकांचा लोंढा वर्षभर सुरू राहिला आणि "न संपणारा सप्टेंबर" असा शब्दच रूढ झाला. नवखे आधीही येतच होते, येण्याची चाल बदलली. एकदम आलेली तुकडी एकत्र शिकते, एकमेकांच्या चुका बघते. थेंबथेंब आलेल्यांना रोज पहिल्यापासून सांगावं लागतं. शिवाय व्हॉट्सॲप ग्रुपची मर्यादा 1024 आहे, म्हणजे 700 वर असताना तुम्हाला तसाही हात आखडता घ्यावाच लागणार.

दुसरी गोष्ट म्हणजे उत्तरवही. एक गूगल डॉक उघडा आणि त्यात फक्त वारंवार येणारे दहा-बारा प्रश्न ठेवा. ट्रॅक्टरची नोट, 786 नंबरची नोट, वैष्णोदेवीचं पाच-दहाचं नाणं (2012 चं, चलनासाठीच निघालेलं): "लाखो रुपये" म्हणणाऱ्या जाहिराती फसवणुकीच्या असतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच सांगितलंय की जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती नाही, त्यासाठी शुल्क किंवा कमिशनही मागत नाही, आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. रामदरबार किंवा हनुमान छापलेली, "ईस्ट इंडिया कंपनी 1818" लिहिलेली तांब्याची चकती: हे चलनातलं नाणंच नाही, नंतर बनवलेलं टोकन आहे. सालाखालची टांकसाळीची खूण: पत्त्यातली चौकट मुंबई, चांदणी हैदराबाद, गोल ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. ब्रिटिश रुपया: 11.66 ग्रॅम, 1940 पूर्वीचा असेल तर चांदी सुमारे 91.7 टक्के, त्यानंतरच्यात 50 टक्के, आणि 1947 चा निकेलचा, जो चुंबकाला चिकटतो. 1939 चा रुपया खरोखर दुर्मीळ आहे, आणि म्हणूनच सालात फेरफार केलेले फिरतात.

या वहीची लिंक पिन करा, पण लक्षात ठेवा, व्हॉट्सॲपवरचं पिन जास्तीत जास्त 30 दिवस टिकतं आणि एका वेळी तीनच मेसेज पिन होतात. महिन्याने पिन गुपचूप उतरतं आणि तोच प्रश्न पुन्हा सुरू होतो. 1 तारखेची तुकडी घेताना पिन नव्याने लावायचं, असं बांधून ठेवलंत तर विसरायला होणार नाही. ग्रुपच्या वर्णनातही लिंक असू द्या.

आता प्रश्न विचारायची पद्धत, कारण नव्या-जुन्यांची निम्मी भांडणं फोटोवरून होतात. काळपट रुपयाचा ट्यूबलाइटखाली, हातात धरून, एकाच बाजूचा फोटो आला तर जाणकार तरी काय सांगणार? तो गप्प बसतो, नव्याला वाटतं भाव खातोय. म्हणून हा नमुना द्या, जसाच्या तसा उतरवता येईल असा:

"1) दोन्ही बाजू, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद, खाली आलेखाचा कागद. 2) कडेचा फोटो: कंगोरे आहेत का, जोडाची रेघ दिसते का. 3) वजन दोन दशांश स्थळांपर्यंत. 4) व्यास मिलिमीटरमध्ये. 5) चुंबकाला चिकटतं का. 6) नाणं कुठून आलं: घरातलं, विकत, की सापडलेलं (गावाचं नाव नको). 7) मला काय वाटतं आणि का."

सातवा मुद्दा गाळू नका, सगळी गंमत त्यातच आहे. "मला मोगल वाटतं कारण शाह आलमचं नाव आहे" असं लिहिणारा माणूस अर्धा शिकलेला असतो. त्याला उत्तर द्यायला जुन्यांनाही हुरूप येतो. वजनासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा लागतो. तो नसेल तर सराफ बाजारात ओळखीच्या दुकानात दोन मिनिटांचं काम आहे. थोडा झिजलेला खरा ब्रिटिश रुपया साधारण साडेअकराच्या आसपास भरतो. दहाच्या खाली आला तर ओतीव बनावट असल्याची शंका घ्या, आणि कडेवर जोडाची रेघ असेल तर बनावटच समजा.

फोटो साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबतं आणि बारीक अक्षरं पुसट होतात, म्हणून लोक "डॉक्युमेंट म्हणून पाठवा" सांगतात. ते बरोबर, पण त्यात एक खाच आहे: डॉक्युमेंटमध्ये मूळ फाइल जाते आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर घराचा ठावठिकाणाही तिच्यासोबत जातो. सातशे अनोळखी लोकांत, चांदीच्या नाण्यांसोबत. कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद करायला सांगा.

आणि पहिल्याच दिवशी एक वाक्य ठळक द्या: नाणं घासू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट, काहीच नाही. शंभर वर्षांत चढलेला थर एका मिनिटात जातो आणि किंमतही. माती असेल तर साध्या पाण्यात भिजत ठेवून मऊ कापडाने टिपायचं, बस्स. नवे लोक "चमकवून" फोटो टाकतात तेव्हा जुने हळहळतात आणि ती हळहळ ग्रुपवर रागासारखी वाचली जाते.

मधल्या फळीसाठी पन्नास सभासदांमागे एक असा हिशेब धरा, म्हणजे तुम्हाला चौदा माणसं हवीत. ज्यांना यायला सहा महिने ते दोन वर्षं झालीत आणि ज्यांनी स्वतः नीट प्रश्न विचारले होते, त्यांना निवडा. रोज दोघे, आठवड्याला एकदाच पाळी. काम एवढंच: 24 तासांत प्रत्येक प्रश्नाला पहिलं उत्तर, मग ते "नमुन्याप्रमाणे पुन्हा टाका" एवढंच का असेना. त्यांना अडलं तरच ते जाणकाराला नावाने हाक मारतील. जुन्यांना दिवसाला चाळीस मेसेजमधून एक निवडावा लागत नाही, नेमका अवघड तेवढाच पुढ्यात येतो. गप्प झालेले लोक बहुतेक वेळा इथेच परत बोलायला लागतात.

जुन्यांचंही एक दुखणं असतं, ते त्यांना सांगितलेलं आवडत नाही. बिअरची परीक्षणं लिहिणाऱ्या हौशी लोकांच्या दोन संकेतस्थळांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये आला होता. त्यात दिसलं की नवा माणूस सुरुवातीला तिथली भाषा झपाट्याने उचलतो, मग एका टप्प्यावर त्याची भाषा गोठते. समूहाची भाषा पुढे जात राहते आणि तो मागे राहतो. निघून जाणाऱ्यांची पहिली लक्षणं त्यांच्या शब्दांत सापडतात. आपल्याकडे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्याला जुने "आहत नाणं" म्हणतात, नवे "पंचमार्क". न वापरलेल्याला जुने "कोरं", नवे "यूएनसी". यावरून टोकाटोकी सुरू झाली की समजावं, नाण्यांवरचं बोलणं आटलंय. उत्तरवहीत दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहा आणि विषय संपवा.

नाण्यांवरच्या अवघड लेखांच्या वाचनासाठी वेगळा छोटा ग्रुप काढायला हरकत नाही, व्हॉट्सॲप कम्युनिटीत तो मोठ्याला जोडता येतो. प्रवेश वयावर किंवा पेटीच्या आकारावर नको. वीस बरोबर उत्तरं दिली की आत. मात्र जाणकार तिकडे रमले की मोठा ग्रुप ओस पडतो, म्हणून तिथे उलगडलेलं एक तरी नाणं दर रविवारी मोठ्या ग्रुपवर आलंच पाहिजे, कसं वाचलं त्याच्या पायऱ्यांसकट.

खरेदी-विक्रीबद्दल मी कडक आहे. ग्रुपवर "साधंच आहे" म्हणायचं आणि इनबॉक्समध्ये "मला द्या" म्हणायचं, हा प्रकार एकदा झाला तरी नवे कायमचे सावध होतात, आणि ते तक्रार करत नाहीत, नुसते निघून जातात. नियम असा ठेवा: ज्याने नाणं ओळखून दिलं त्याने ते 15 दिवस विकत घ्यायचं नाही. किंमत विचारणं फक्त रविवारी, आणि उत्तरात एकच आकडा नको, नाण्याच्या अवस्थेनुसार किमतीचा पट्टा (इतके ते इतके) आणि तो कशावरून ते सांगायचं. विक्री वेगळ्या ग्रुपवर.

सापडलेल्या नाण्यांचं आणखी निराळं. शेतात मडकं निघालं असा फोटो आला तर तिथेच थांबवा. 1878 च्या निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचं जमिनीत दडलेलं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. कायद्यापलीकडेही कारण आहे, आणि ते नाशिककरांना पटवून द्यायला सोपं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला 1906 मध्ये क्षत्रप राजा नहपानाची चांदीची तेरा हजारांवर नाणी एका जागी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. किती नाणी छापलेली आणि किती तशीच, ही मोजणी झाली ती साठा एकत्र राहिला म्हणून. तोच साठा मूठमूठ करून इनबॉक्समधून गेला असता तर सुटी नाणी राहिली असती, मोजदाद नाही.

एक शेवटचं, ऑनलाइन नसलेलं. दोन महिन्यांतून एकदा त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाण्यांचं संग्रहालय आहे तिथे जा, आधी फोन करून. दहाच जण: सहा नवे, दोन मधले, दोन जुने. आपापली दोन-दोन नाणी न्या आणि बघताना ट्रेमध्ये मऊ कापड अंथरून, नाणं कडेने धरून, खाली टेबल ठेवूनच हातात द्या; सिमेंटच्या फरशीवर पडलेल्या रुपयाची कड चेपते.