गाजर-मिरचीचं लोणचं घालताय? आधी पाणी घालवा

कुंडीत भरपूर मिरच्या आणि गाजरं आली, त्यांचं लोणचं कसं घालू, असं विचारलंत. एवढं पीक आलं म्हणजे हात चांगला आहे तुमचा! मसाल्याची चिंता नंतर करा. लोणचं बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे. भाज्या धुऊन कोरड्या पुसा, फोडी करा आणि सुती कापडावर पंख्याखाली तीन-चार तास पसरा. फोड हाताला ओलसर लागता कामा नये. मिरचीचं देठ पुसून झाल्यावरच काढा, नाहीतर पाणी आत शिरतं.

किलोभर फोडींना 100 ग्रॅम मीठ, 8-10 लिंबांचा रस, मोहरीची डाळ, हळद, तळून कुटलेली मेथी. मीठ कमी करायचा मोह होतो, नका करू. हिंग-मोहरीची फोडणी पूर्ण गार झाल्यावरच ओता, गरम ओतलीत की फोडी मऊ पडल्याच म्हणून समजा. तेल फोडींच्या वर राहू द्या. उघड्या पडलेल्या फोडीवरच बुरा येतो.

ओली हळद मिळाली तर चार तुकडे टाकाच (हात पिवळे होतील, होऊ देत). काकडी मात्र यात नको, तिला फार पाणी सुटतं. हे लोणचं कैरीसारखं वर्षभर टिकत नाही. पहिल्यांदा लहान बरणीच भरा आणि मुरलं की फ्रिजमध्ये ठेवा.