तांबी बसवताना फार दुखतं का? आधी गोळी घेऊन गेलं तर चालेल का?

दुखतं. ज्यांना दुखलं नाही त्यांचं नशीब, पण त्यांनी दुसरीला ‘काही नसतं गं’ म्हणू नये. माझ्या जावेने मला हेच सांगितलं होतं.

तिच्या दोन्ही नॉर्मल, माझी दोन्ही सिझेरियन, तीही कळा न येताच. पिशवीचं तोंड कधी उघडलेलंच नसेल तर जास्त दुखू शकतं, हे कोण सांगणार? २०१४ ची गोष्ट. दादरच्या क्लिनिकात डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन पोरं झाली ना, मग कसली घाबरता?" चिमट्याने तोंड धरलं तेव्हा टेबलाचं फाटकं रेक्झिन मी नखांनी आणखी उसवलं. मग पिशवीची खोली मोजायची सळई आत गेली आणि कानात शिट्टी वाजायला लागली, घामाने गाऊन चिकटला. तांबी तर त्यानंतर! सगळं मिळून पाच मिनिटं. मावशींनी पाय वर उचलून धरले, लिमलेटची गोळी दिली. बाहेर नवरा म्हणतो, "झालं? चल, ठाणे स्लो लोकल मिळेल." मुलुंडपर्यंत उभी होते, ओढणीचं टोक दातांत धरून.

ती तांबी १० वर्षं चालणारी होती, कॉपर-टी ३८० ए. २०२४ ला बदलताना दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि आधीच सांगितलं, पिशवीच्या तोंडाजवळ भुलीचं इंजेक्शन देणार असाल तरच बसवते. दिलं. सुई टोचली, कळ आली, पण चिमटा जेमतेम कळला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनेही त्याच वर्षी सूचनांमध्ये लिडोकेन या भुलीच्या औषधाने दुखणं कमी होऊ शकतं असं म्हटलंय. आधी घ्यायच्या गोळीचं म्हणाल तर ब्रुफेन या वेदनाशामक गोळीचा बसवताना फारसा उपयोग नाही, नंतरच्या कळांना होतो.

आता आमच्या घरचं. दुसऱ्या बाळंतपणानंतर हे नसबंदीला तयार नव्हते, ‘मला सुईची भीती वाटते’. बिनटाक्याच्या नसबंदीत भुलीचं इंजेक्शन मागावं लागत नाही हो, सुरुवातच त्याने होते! बाईने मात्र मागायचं, आणि मागितलं की ती नाजूक. हे मी सासूबाईंसमोर बोलले तर त्या पंधरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

हां, भुलीच्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, ब्रुफेनने ॲसिडिटी वाढत असेल तर तेही. उपाशी जाऊ नका. नंतर ताप आला किंवा पोटात दुखणं वाढतच गेलं तर थांबू नका, दाखवा. आणि येताना टॅक्सी. ठाणे स्लो नाही.