तितिकाकाच्या तरंगत्या बेटांवर पहिल्यांदा जाताना

पेरूतलं पुनो हे तितिकाका सरोवराच्या काठचं शहर समुद्रसपाटीपासून 3,800 मीटरच्या वर आहे. लिमाहून थेट विमानाने पोचलात तर डोकं धरतं, मळमळतं. म्हणून पहिला दिवस नुसता आराम, हलकं जेवण, भरपूर पाणी. बेटं दुसऱ्या दिवशी.

उरोस लोकांची बेटं तोतोरा नावाच्या लव्हाळ्याची असतात. तळाशी मुळांचे ठोकळे एकमेकांना बांधलेले, त्यावर तोतोराचे आडवे-उभे थर. खालचा थर कुजत राहतो, म्हणून वरून सतत ताजा घालावा लागतो, पावसाळ्यात तर जास्तच वेळा. पाय थोडा रुततो. कडेच्या मऊ भागावर उभे राहू नका. वाळका तोतोरा भडकन पेटतो, त्यामुळे सिगारेट अजिबात नको.

बेट कसं बांधतात ते दाखवून झालं की विणकामाची विक्री सुरू होते. त्याला देखावा म्हणून नाक मुरडू नका, घर त्यावरच चालतं. लव्हाळ्याच्या होडीच्या फेरीचे पैसे बहुधा वेगळे असतात, चढण्याआधीच विचारा. सोलच्या (पेरूच्या चलनाच्या) सुट्ट्या नोटा पुनोतूनच न्या. फोटोआधी परवानगी घ्या. भाषा आयमारा, ‘कमिसराकी’ म्हणून विचारपूस केलीत की चेहरे खुलतात.

अर्ध्या तासाच्या फेरीत फारसं कळत नाही. शक्य असेल तर एखाद्या कुटुंबाकडे रात्रभर राहा, पण जून ते ऑगस्टमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा थर्मल आणि कानटोपी हवीच. शाकाहारी असाल तर आधीच कळवा, नाहीतर ताटात ट्राउट मासा येतो.