तुमचे प्रश्न, आमची उत्तरं: हा माल खरंच शेतातून आलाय का?

प्रश्न: ताई, मी दर आठवड्याला शेतकरी बाजारात आवडीने जाते. गेल्या वेळी एका स्टॉलच्या मागे कंपनीचं नाव छापलेले पुठ्ठ्याचे खोके दिसले आणि सफरचंदांवर स्टिकरही होते. तो शेतकरी नव्हताच का? का मीच उगाच संशय घेतेय?

उत्तर: संशय उगाच नाहीये, घाऊक बाजारातून माल उचलून शेतकरी बाजारात विकणारे असतातच. पण नुसत्या खोक्यावरून ठरवू नका हं, कारण छोटे शेतकरी बरेचदा कुठून तरी मिळालेले जुने खोकेच वापरतात, नवीन परवडत नाहीत. स्टिकरचं वेगळं आहे. एकेका फळावर स्टिकर लागलाय म्हणजे माल बहुतेक वेळा मोठ्या पॅकिंग सेंटरमधून आलेला असतो, तिथे विचारायला हरकत नाही.

मी आधी स्टॉलवर काय काय आहे ते बघते. एका शेतात एका वेळी जे निघू शकतं तेवढंच शेतकऱ्याकडे असणार, कधी पाच-सहा गोष्टी, कधी दोनच, आणि त्याही लहान-मोठ्या, वाकड्या-तिकड्या. जिथे थंडीतली आणि उन्हाळ्यातली पिकं शेजारी शेजारी बारा महिने मिळतात तिथे एकाच शेतातला माल कसा असेल सांगा.

मग विचारायचं, कधी काढलं, वाण कुठलं आणि पुढच्या आठवड्यात काय आणणार. मला तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त आवडतो. ज्याने पेरलंय तो लगेच सांगतो की अजून फुलावर आहे, पंधरा दिवस थांबा, किंवा मागच्या पावसाने अर्धं गेलं. नुसता विकणारा म्हणतो, काय पाहिजे ते आणतो.

आणि माल हातात घेऊन बघा, विशेषतः देठ. पालकाचा कापलेला भाग ओलसर, फिकट असेल तर नुकताच काढलाय, तपकिरी होऊन सुकला असेल तर एक-दोन दिवस तरी गेलेत. मटारच्या शेंगेची टोपी हिरवी हवी आणि शेंग वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. मक्याच्या कणसाचे केस ओलसर हवेत, आणि मक्याच्या बाबतीत तर खरंच घाई करा, जुन्या गोड वाणांमधली निम्म्याच्या आसपास साखर 30 अंशाला एका दिवसात पिठूळ होऊन जाते. सकाळी काढलेलं कणीस आणि परवाचं कणीस चवीला एक लागतच नाही ते त्यामुळे.

आता एखादा शेतकरी स्वतःच्या मालाबरोबर शेजाऱ्याचाही आणतो, तसं पाटीवर लिहिलं असेल तर मला त्यात काही गैर वाटत नाही. लपवणं मात्र गैर. बऱ्याच बाजारांत फक्त स्वतः पिकवलेलंच विकायचा नियम असतो आणि काही ठिकाणी आयोजक शेतावर जाऊन बघूनही येतात, तेव्हा तुमच्या आयोजकांना नियम काय आहे ते सरळ विचारा. अमेरिकेतल्या सिएटल शहरातला पाईक प्लेस मार्केट हा बाजार 1907 मध्ये सुरू झाला तो याच तक्रारीतून, कांदा प्रचंड महागला होता आणि मधल्या दलालांवर लोक चिडले होते, म्हणून गाडीवर माल घेऊन येणारा शेतकरी आणि गिऱ्हाईक यांना समोरासमोर आणलं. समोरचा माणूस शेतकरी नसेल तर त्या समोरासमोरीला अर्थ काय उरला!

प्रश्न: बाजार भरतो तेव्हा माझी शिफ्ट असते, गाडी नाही, घरी आजारी सासूबाई आहेत. सगळे म्हणतात ताजं खा, पण आणायचं कसं? फ्रोझन मटार घेताना अपराधी वाटतं.

उत्तर: पहिलं म्हणजे अपराधी वाटून घेऊ नका, प्लीज. बाजार लांब असणं, वेळ न जमणं, पिशव्या उचलून बस पकडावी लागणं हे सगळं खरं आहे, तो तुमचा आळस नाही. आणि फ्रोझन मटार काढल्यावर थोड्याच तासांत वाफवून किंवा उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यात पोषण चांगलं टिकतं. उलट पालक फ्रिजमध्ये ठेवला तरी आठवड्याभरात त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं जातं. म्हणजे आठ दिवस पडलेल्या ताज्या भाजीपेक्षा फ्रोझन कितीतरी वेळा बरी.

दुसरं, बिल्डिंगमधल्या किंवा कामावरच्या चार-पाच घरांनी मिळून एका शेतकऱ्याशी ठरवून बघा. जपानमध्ये 1970 च्या दशकात घरांनी आणि शेतकऱ्यांनी असं थेट नातं जोडलं, त्याला तेईकेई म्हणतात, पुढे अमेरिकेतही 1986 पासून असे गट सुरू झाले. पैसे आगाऊ द्यायचे आणि हंगामभर दर आठवड्याला जे निघेल त्याचा वाटा घ्यायचा. पीक कमी आलं तर वाटाही कमी, हे आधी नीट समजून घ्या, पैसे देण्याआधी वाटा किती, कुठे मिळणार, आठवडा चुकला तर काय, सगळं विचारा. आणायला पाळी लावली की महिन्यातून एकदाच तुमच्यावर येईल.

आणि आयोजकांना लेखी कळवा की संध्याकाळी, बस स्टॉपजवळ एखादा दिवस बाजार भरवा. तुमच्यासारख्या शिफ्टवाल्या अजून दहा जणींच्या सह्या घ्या. जे येऊच शकत नाहीत त्यांची अडचण बाजारात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही हो, म्हणून ती कुणीतरी सांगावी लागते.

प्रश्न: जवळचं घेतलं की पर्यावरण वाचतं ना?

उत्तर: थोडं. अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात अन्नामुळे होणाऱ्या उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा साधारण 11 टक्के निघाला, बाकी बहुतेक सगळं पिकवतानाच होतं. त्यामुळे जवळचं तर घ्याच, पण हंगामातलं घ्या. हीटर लावलेल्या काचघरातला जवळचा टोमॅटो लांबून आलेल्या उघड्या शेतातल्या टोमॅटोपेक्षा जास्त प्रदूषण करू शकतो.

प्रश्न: बाजारातून आणलेली पालेभाजी दोन दिवसांत पिवळी पडते, काय चुकतंय?

उत्तर: सफरचंद किंवा पिकलेली केळी शेजारी ठेवताय का? त्यातून इथिलीन वायू निघतो आणि पानं पिवळी पडतात, वेगळं ठेवा. पालेभाजी आणल्या आणल्या फ्रिजमध्ये, कोरड्या कापडात सैल गुंडाळून. गाजराचा पाला लगेच तोडा, तो गाजरातलं पाणी ओढतो. टोमॅटो मात्र बाहेरच ठेवा, फ्रिजच्या थंडीत त्याची चव जाते.